पांढरं लाकूड आधी उपाशी मारा, मग वाळवा: बांधावरच्या बाभळीपासून दाराच्या चौकटीपर्यंत

बांधावरची बाभूळ पाडली, दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरवर घालून सॉ मिलवर नेली, कापलेला माल महिनाभर पत्र्याच्या शेडात ठेवला आणि वास्तुशांतीच्या आत चौकट बसवली. पुढच्या उन्हाळ्यात रोज सकाळी उंबऱ्यावर चिमूटभर पीठ. झाडून काढलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मग कुणी बाभळीला नावं ठेवतं, कुणी मिलवाल्याला, कुणी सुताराला.

मी स्वतः दोन चौकटी अशाच घालवल्या आहेत. तेव्हा आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुतारमामांनी चौकटीवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "पांढऱ्यात गोडी राहती बाबा. गोडीलाच किडं येतेत." दोन्ही चौकटींत तसंच होतं. भोकं फक्त पांढऱ्या पट्ट्यात होती. लाल गाभ्याला एकही नाही.

पुढची सगळी पद्धत या पांढऱ्या लाकडाभोवती आहे. कामं अवघड नाहीत, चूक होते ती क्रमात. म्हणून आधी एकदा पूर्ण वाचा आणि मगच कुऱ्हाडीला हात घाला.

## पांढरं म्हणजे काय, कामापुरतं

ओंडक्याचं तोंड बघा. बाहेर साल, आत पांढरट-पिवळसर कडं, मध्ये लाल किंवा काळपट गाभा. पुस्तकात पांढऱ्याला रसकाष्ठ आणि गाभ्याला मध्यकाष्ठ म्हणतात. आपण पांढरं आणि गाभाच म्हणू.

मुळांनी ओढलेलं पाणी शेंड्यापर्यंत जातं ते या पांढऱ्यातल्या बारीक नळ्यांतून. नळ्या स्वतः मेलेल्या असतात, पण त्यांच्या आजूबाजूला जिवंत पेशी असतात. पानांनी तयार केलेलं अन्न त्या पिष्टाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपात साठवतात आणि नवी पालवी फुटताना बाहेर काढतात. खोडाला जखम झाली तर बाजूच्या नळ्या बुजवून कूज अडवायचं कामही त्याच करतात. झाड जाड होत जातं तसं आतलं पांढरं जुनं होतं, त्यातल्या पेशी मरतात. मरण्याआधी साठा वापरून त्या टॅनिन, डिंक, रंगद्रव्यं अशी कीड-बुरशीला नकोशी द्रव्यं तयार करतात. तोच गाभा. त्यातून पाणी जात नाही, तो झाडाला नुसता उभं धरतो.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पांढऱ्यात पाणी जास्त आणि खाणं भरलेलं, म्हणून कीड आणि बुरशी आधी तिथेच येते. कोणत्याही जातीच्या झाडाचं पांढरं टिकाऊ नसतं. सागाचंही नाही, लिंबाचंही नाही. लिंबाचा पाला कडू म्हणून त्याच्या लाकडाला कीड लागत नाही हा समज चौकटीच्या पैशाला पडतो. आणि तिसरी गोष्ट जमेची: ज्या नळ्यांतून पाणी वर जायचं त्याच नळ्यांतून औषध आत जातं. गाभा औषध पीत नाही, पांढरं पितं.

वाळलेलं पांढरं लाकूड ताकदीला गाभ्याच्या फार मागे नसतं. त्यामुळे "पांढरं म्हणजे सरपण" हेही खरं नाही. त्याला जागा कुठली द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

## टप्पा १: झाड निवडताना गिरमिटानं मोजा

लोक घेर बघून हिशेब करतात आणि फसतात. समजा सालीच्या आतला व्यास १४ इंच आहे आणि चहूबाजूंनी दोन इंच पांढरं आहे. गाभा उरला १० इंचांचा. दोन इंच म्हणजे थोडंसंच वाटतं ना? मिलच्या हिशेबानं मोजू. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. १४ इंच व्यासाचा घेर ४४ इंच, चौथा हिस्सा ११. आठ फुटी ओंडका झाला सुमारे ६.७ घनफूट. १० इंची गाभ्याचा घेर साडेएकतीसच्या आत, त्याच लांबीला सुमारे ३.४ घनफूट. निम्मं लाकूड पांढरं निघालं! दोन चौकटींचा माल समजून आणलेल्या झाडातून गाभ्याची एकच चौकट निघते ती अशी.

पाडायचं नक्की ठरलेल्या झाडालाच छातीच्या उंचीवर गिरमिटानं भोक पाडा. भुसा तळहातावर घेत जा. तो पांढऱ्याचा लाल झाला की थांबा, खोली मोजा, सालीची जाडी वजा करा. दोन विरुद्ध बाजूंनी मोजा, कारण झाड कललेलं असेल तर गाभा मध्यावर नसतो.

जातीनुसार फरक मोठा आहे. सागात पांढरं अरुंद असतं. बाभूळ आणि लिंब यांच्यात गाभा लाल आणि सीमारेषा स्पष्ट दिसते, पण कोवळ्या झाडात पांढरंच जास्त. चिंचेत पांढऱ्याचा पट्टा रुंद आणि गाभा लहान, वेडावाकडा, जांभळट काळा. आंब्यात पांढरं आणि गाभा वेगळं ओळखूच येत नाही, तिथे सगळंच पांढरं धरून चाला. सुबाभूळ जोरात वाढतं म्हणून लोक लवकर पाडतात आणि मग त्यात गाभा सापडत नाही.

इशारा: झाड तुमच्या शेतात असलं तरी परवानगीचं आधी विचारा. १९६४च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर अशी झाडं आहेत. शहरी हद्दीत १९७५चा वेगळा कायदा आहे. यादीबाहेरच्या झाडाचं लाकूड वाहून न्यायलाही कागद लागेल का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. ट्रॅक्टर रस्त्यावर अडला की मग कुणी ऐकत नाही.

## टप्पा २: महिना ठरवा

अमावास्या बघायची असेल तर बघा, पण महिना बघाच. मराठवाड्यात मी मार्गशीर्ष-पौष, म्हणजे डिसेंबर-जानेवारी धरतो. हवा कोरडी, ऊन मऊ, बुरशीला जोर नाही. एप्रिल-मे मध्ये पाडलेलं ओलं लाकूड झळांनी तडकतं. पावसाळ्यात पांढऱ्यावर आठवड्याभरात काळे-निळे डाग चढतात.

हिवाळ्याची एक खोट आहे, तीही ऐका. लिंबाची पालवी मार्च-एप्रिलमध्ये फुटते आणि तेव्हा पांढऱ्यातला साठा खर्ची पडतो. त्याआधी, थंडीत, कोठार भरलेलं असतं. म्हणजे वाळवायला सोयीचा महिना आणि किड्याला सोयीचा महिना एकच आला. म्हणूनच पुढचे दोन टप्पे टाळता येत नाहीत. दुसरी अडचण माणसांची. ऊसतोडीला गेलेले गडी या महिन्यांत गावात नसतात, तेव्हा दिवाळीतच कुणाला तरी शब्द देऊन ठेवा.

तपासणी: झाड पाडल्यावर पांढऱ्याची ताजी ढलपी काढा. जखमेवर लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीन मेडिकलमधून आणा, पाणी घालून चहाच्या रंगाइतकं पातळ करा, दोन थेंब ढलपीवर सोडा आणि पाच मिनिटं थांबा. डाग निळा-काळा झाला तर स्टार्च भरपूर आहे. तपकिरीच राहिला तर कमी. ही ढलपी तारीख लिहून जपून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

## टप्पा ३: पाडल्यावर पंधरा दिवस हात लावू नका

सगळ्यांची घाई इथेच होते.

झाड आडवं झालं म्हणून पांढरं त्याच दिवशी मरत नाही. पेशी बरेच दिवस जिवंत राहतात, श्वास घेतात आणि साठवलेलं स्टार्च खात राहतात. वर पाला असेल तर तो पाणीही ओढत राहतो. म्हणून फांद्या छाटू नका, पाला तसाच ठेवा. दहा-पंधरा दिवसांत पानं सुकून गळायला लागतील. तोवर झाडानं स्वतःचं बरंचसं पाणी आणि थोडंफार खाणं स्वतःच संपवलेलं असतं.

पाडल्या दिवशीच फळ्या काढल्या आणि पातळ फळ्या उन्हात टाकल्या, तर पेशी झटकन मरतात आणि साठा आत तसाच राहतो. मालकाला वाटतं, लवकर वाळलं, छान झालं. किड्याचं ताट वाढून ठेवलेलं असतं.

इथे एक जुनी चूक सांगायला हवी. "झाड उभं वाळवायचं" म्हणून काही जण बुंध्याची साल गोलाकार सोलतात आणि महिनाभर वाट बघतात. झाड हिरवंच! सालीतून खाली जाणारं अन्न तुटलं, पण पाणी वर नेणारं पांढरं शाबूत आहे, त्यामुळे पानं महिनोन् महिने टवटवीत दिसू शकतात. ब्रह्मदेशात साग उभा वाळवायचे तेव्हा खाच सालीतून, पांढऱ्यातून, थेट गाभ्याला लागेपर्यंत घ्यायचे, आणि झाड दोन-तीन वर्षं तसंच उभं ठेवायचे, कारण ओला साग नदीत तरंगत नाही. आपल्याकडे बांधावर, वहिवाटीच्या रस्त्याला लागून असं वाळकं झाड उभं ठेवू नका. एखाद्या वळवाच्या वाऱ्यात ते कुणाच्या तरी अंगावर येईल.

पंधरा दिवसांनी फांद्या छाटा आणि त्याच दिवशी साल काढा. साल ठेवलेल्या ओंडक्यात शिंगाळे भुंगे सालीखाली अंडी घालतात आणि अळ्या पांढऱ्यात शिरतात. लगेच दोन्ही तोंडांना शेण-माती घट्ट लिंपा. उरलेला ऑइलपेंट असेल तर आणखी चांगलं. तोंडाकडून पाणी फार वेगानं उडतं आणि ओंडका ताऱ्यासारखा फाटतो.

तपासणी: साल काढल्यावर पांढऱ्यावर नागमोडी खोबणी किंवा भोकं दिसतात का बघा. दिसली तर तेवढा भाग आताच तासून टाका आणि ढलप्या जाळा.

## टप्पा ४: पाण्यात बुडवा

सोललेला ओंडका शेततळ्यात, सिमेंटच्या हौदात किंवा वापरात नसलेल्या विहिरीत टाका. किमान दीड महिना. पाण्यात विरघळणारी साखर बाहेर येते, स्टार्च आंबून मोडतं. पाणी चहासारखं लाल होतं आणि त्याला कुजका वास येतो. तो आला म्हणून घाबरून ओंडका बाहेर काढू नका, काम चालू असल्याची ती खूण आहे. हौद असेल तर आठ-दहा दिवसांनी पाणी बदला.

पूर्ण बुडलं पाहिजे. अर्धा वर, अर्धा खाली असा तरंगणारा ओंडका सगळ्यात वाईट. पाण्याच्या रेषेवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि बुरशी तिथूनच आत शिरते. वर दगड ठेवा किंवा दोरानं तळाला बांधा.

इशारा: पिण्याच्या विहिरीत नाही, जनावरांच्या हौदात नाही, मासे सोडलेल्या तळ्यात तर नाहीच.

पाणीच नसेल तर? आपल्याकडे हा प्रश्न काही वर्षी जानेवारीतच पडतो. मग ओंडका सालीशिवाय, तोंडं लिंपून, झाडाच्या किंवा सपराच्या गर्द सावलीत ओल्या पोत्यांखाली महिनाभर ठेवा आणि टप्पा ६ कडे जास्त लक्ष द्या. पाण्याइतकं काम होत नाही, पण थेट मिलवर नेण्यापेक्षा कितीतरी बरं.

तपासणी: दीड महिन्यानं पांढऱ्यात पटाशीनं इंचभर खोल खाच घ्या आणि आतल्या ताज्या भागावर आयोडीन टाका. वरच्या पृष्ठभागावर टाकू नका. पृष्ठभाग लवकर धुऊन निघतो आणि खोटी हमी देतो. जपलेल्या पहिल्या ढलपीशी डाग ताडून बघा. अजून गडद निळा असेल तर आणखी तीन आठवडे.

## टप्पा ५: मिलवर स्वतः उभे राहा

ओला ओंडका मिलवर न्या आणि कापताना तिथून हलू नका. मिलवाल्याला जास्तीत जास्त माल काढायची सवय असते. तुम्हाला रंगाप्रमाणे माल काढायचा आहे. आधी चारी बाजूंचे पांढरे तुकडे वेगळे उतरवा, मग गाभ्याचा चौकोन फोडा. अगदी मधला ठिसूळ बिंदू एखाद्या चौकटीच्या पोटात ठेवला तर ती हमखास उभी फाटते, म्हणून काप त्या बिंदूवरून जाऊ द्या.

लाकूड वाळताना आकसतं. पाच इंची मापाला तीन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), अडीच इंचीला दीड-दोन सूत जास्त ठेवा. हे विसरून बरोबर मापात कापून आणलं तर रंधा मारल्यावर चौकट पाचऐवजी साडेचारची होते.

कापल्या कापल्या तीन ढीग करा आणि खडूनं खूण करा. पहिला ढीग निखळ गाभ्याचा: उंबरा, चौकटीचे उभे खांब, फरशीला किंवा जमिनीला टेकणारं काहीही. दुसरा, एका कडेला पांढरं असलेला: चौकटीचा वरचा आडवा, खिडक्या. तिसरा निव्वळ पांढरा: घरातल्या मांडणीच्या फळ्या, बाजेचे गाते, कपाटाची पाठ. तिसरा ढीग उंबऱ्याला वापरायचा मोह होईल, कारण तो सरळ आणि बिनगाठीचा दिसतो. नको.

तयार माल विकत घेणाऱ्यांनीही हाच टप्पा वापरावा. तेल किंवा पॉलिश लावलेला माल घेऊ नका, रंगाखाली पांढरं झाकलं जातं. कोरड्या लाकडावर ओलं फडकं फिरवा, गाभा गडद उठतो आणि पांढरं उघडं पडतं. नांदेडकडे, किनवटच्या पट्ट्यातला साग म्हणून दाखवलेल्या मालातही कडा बघाव्यात. नाव सागाचं असलं तरी कड पांढरी असेल तर ती साधीच समजायची.

## टप्पा ६: ओलं असतानाच टाकणखार-बोरिक

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगासाठी. हे औषध लाकडातल्या पाण्यातून आत सरकतं, म्हणून लाकूड ओलं असलं पाहिजे. "आधी वाळवू, मग औषध लावू" असं केलं तर ते वरच्यावर राहतं.

१०० लिटर कोमट पाण्यात ६ किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि ४ किलो बोरिक ॲसिड पावडर. दोन्ही एकत्र घातले तर वेगवेगळ्यापेक्षा नीट विरघळतात. तळाला पांढरा गाळ दिसेनासा होईपर्यंत ढवळा. जमिनीत चर खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं की हौदाचं काम भागतं.

माल पूर्ण बुडवा. इंचभर जाडीच्या फळ्या तीन दिवस, दोन-अडीच इंची माल आठवडाभर. बाहेर काढल्यावर लगेच उन्हात टाकायचा नाही. एकावर एक घट्ट रचा, चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळा आणि सावलीत चार आठवडे ठेवा. औषध गाठायचं तेवढं अंतर याच काळात गाठतं. हे चार आठवडे बहुतेक जण खातात. मीही एकदा खाल्ले. त्या खेपेच्या फळ्या कापल्यावर आत भोकं निघाली, वर मात्र एकही नव्हतं.

इशारा: हातमोजे घाला, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा. उरलेलं पाणी पिकात सोडू नका, बोरॉन जास्त झालं की पीक जळतं. ते पुढच्या खेपेला झाकून ठेवा. या मालाचे तुकडे चुलीत घालू नका.

इशारा: हे औषध पाण्यात विरघळणारं आहे, पावसात धुऊन जातं. अंगणातला खांब, गोठ्याची मेढ, कुंपण यांसाठी नाही. तिथे गाभाच लागतो.

जळकं इंजिन ऑइल फासण्याची पद्धत गावोगाव आहे. ते दोन सूतसुद्धा आत जात नाही, आणि ओल्या लाकडावर फासलं तर आतली ओल कोंडतं. इथे तर दुहेरी नुकसान, कारण त्यावर टाकणखारही चढत नाही.

## टप्पा ७: चळत आणि तराजू

उत्तरेकडच्या भिंतीला किंवा सपरात, जमिनीपासून फूटभर उंच, विटांवर चळत लावा. प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या वाळक्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, आणि त्या खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळी तिथेच वाकते. सगळ्यात वर दगड. एप्रिल लागला की पश्चिमेकडून पोत्यांचा पडदा सोडा, नाहीतर झळ थेट लागते.

पत्र्याच्या बंद शेडात चळत लावणं मला पटत नाही. दुपारी भट्टी, रात्री कोंदट.

किती दिवस? इंचाच्या फळीला तीन-चार महिने, अडीच इंची चौकटीला आठ-दहा. डिसेंबरात पाडलेलं झाड पाणी आणि औषध धरून मार्चअखेर चळतीवर चढतं, म्हणजे चौकट त्याच दिवाळीला होत नाही. हे घर बांधणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. घाई असेल त्यानं बाजारातून वाळलेला गाभा घ्यावा आणि आपलं झाड पुढच्या खोलीसाठी राखावं.

तपासणी: चळतीतलाच फूटभर तुकडा वेगळा काढा, तोंडं रंगवा, किराणा तराजूवर वजन लिहा आणि चळतीत परत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड हवेशी बरोबरीला आलं. हे पावसाळ्यात तपासू नका, हवाच दमट असते. आकडा हवा असेल तर शेवटी तुकड्याच्या मधोमधची एक चकती करून तिचं वजन घ्या, मग ती भट्टीत पूर्ण सुकवून पुन्हा वजन करा. समजा ११२ ग्रॅमची १०० ग्रॅम झाली, तर ओल १२ टक्के. दारासाठी एवढी चालते.

## टप्पा ८: जोडणी आणि बसवणी

सुताराला ढिगांच्या खुणा दाखवा. एका कडेला पांढरं असलेला तुकडा बसवताना पांढरी कड भिंतीकडे वळवायची सवय असते, म्हणजे वरून छान लाल दिसतं. उलटं करा. पांढरं खोलीच्या बाजूला, डोळ्यांसमोर ठेवा. भोक पडलं तर पहिल्या आठवड्यात दिसेल. भिंतीआड पडलं तर चौकट पोकळ झाल्यावर कळेल.

- भिंतीत जाणाऱ्या बाजूला वाळल्यानंतरच डांबर लावा आणि ते सुकू द्या.
- गिलावा ओला असताना चौकट उघडी सोडू नका. ओली भिंत वाळलेल्या लाकडाला पुन्हा ओल देते.
- उंबरा फरशीच्या पातळीच्या वर ठेवा. धुण्याचं पाणी त्याखाली साचू नये.

शेवटी जवसाचं तेल, पातळ हातानं, दोन-तीन वेळा, दर वेळी पुसून. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

## पीठ पडायलाच लागलं तर

आधी पीठ चिमटीत घ्या. मैद्यासारखं मऊ आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतील तर पांढरं खाणारा भुंगा. खसखशीसारखे कणीदार दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर जमिनीतली वाळवी, आणि तिचा बंदोबस्त लाकडात नाही, घराच्या पायात आणि भिंतीत करायचा. ज्यांची घरं माळवदाची आहेत त्यांनी पहिलं पीठ किलचणांतून (छताच्या लाकडी पट्ट्यांतून) पडतंय की चौकटीतून, हे रात्री खाली कागद अंथरून बघावं. उगाच चांगली चौकट फोडली जाते.

मैदा असेल तर भोकांवर रंग देऊ नका. आतले भुंगे रंग फोडून बाहेर येतात आणि तोवर किती खाल्लं ते कळत नाही. पांढरी कड पटाशीनं गाभ्यापर्यंत काढून टाका आणि तिथे वाळलेल्या गाभ्याची पट्टी बसवा. गाभ्यात हा भुंगा पुढे जात नाही, म्हणून बाकी चौकट वाचते. बाज, पाट, लहान फळ्या असतील तर मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लास्टिकखाली चार-पाच दिवस घट्ट गुंडाळून ठेवा. आतपर्यंत ५५ ते ६० अंश उष्णता गेली की अळी मरते, म्हणून जाड मालावर याचा उपयोग नाही.

जुनी भोकं मेणानं बुजवा आणि शेजारी तारीख लिहा. नवं भोक उघडलं तर किडा अजून आत आहे. पावसाळा सुरू होण्याआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, अशी बॅटरी घेऊन नजर टाका.